खरेदीखताची अंगे व कायद्याचे कलम

जमिनीचा कागद आपण शेतकरी लोक पोथीप्रमाणे कापडात बांधून पेटीच्या तळाशी जपून ठेवितो. परंतु पोथी निदान श्रावणात तरी सोडली जाते. कागद मात्र तंटा उभा राहीपर्यंत कोणी उलगडीत नाही. याचे कारण निरक्षरता असे आता म्हणता येणार नाही. चांगले वाचते-लिहिते लोकही खरेदीखत हाती येताच पहिल्या चार ओळी पाहतात, शेवटची सही पाहतात, आणि मधला मजकूर लिहिणाराच्या भरवशावर सोडतात. तो मजकूर लिहिण्याची जुनी रीतही याला कारण आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ येथून जो ओघ सुरू होतो तो ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले सही’ येथपर्यंत, मध्ये परिच्छेद नाही व विराम नाही. वाचणाराचा दम तेथेच सुटतो.

वस्तुतः या ओघाच्या पोटात सात-आठ निरनिराळी अंगे ठराविक क्रमाने बसविलेली असतात, व प्रत्येक अंग एकेका निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणी दिले, कोणास दिले, देणाऱ्याकडे ते कोठून आले, काय दिले, कितीस दिले, ताबा कधी दिला, कोणत्या शर्तीवर दिले, आणि देताना पाहिले कोणी. पेन्सिल घेऊन कागदाच्या समासात या प्रश्नांच्या खुणा करीत गेल्यास अर्ध्या घटकेत कागद मोकळा होतो. खूण करण्यास जागाच सापडली नाही, तर ते अंग कागदात नाही असे समजावे व सही करण्यापूर्वी चौकशी करावी. मात्र ही खूण मूळ कागदावर न करता नकलेवर करावी, हे सांगावयास नकोच.

पहिले अंग पक्षकारांचे. ‘लिहून घेणार’ व ‘लिहून देणार’ यांची नावे, वये, धंदा व राहण्याचे ठिकाण येथे येते. येथे नावापेक्षा नात्याकडे अधिक पाहावे. लिहून देणारा केवळ स्वतःकरिता सही करितो, की एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून, की अज्ञान मुलाचा पालनकर्ता म्हणून, की कोणाचा मुखत्यार म्हणून, हे याच जागी लिहिलेले असते. मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्र पाहिल्यावाचून पुढे वाचण्यात अर्थ नाही. अज्ञानाच्या स्वतःच्या मालकीची जमीन नैसर्गिक पालकास न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ मध्ये आहे. तशी विक्री झाली तर मूल सज्ञान झाल्यावर ती रद्द करून मागू शकते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याची गोष्ट निराळी आहे. तरीही ‘अज्ञान’ हा शब्द या अंगात दिसला, की खरेदी घेणाराने थांबून वकिलास विचारावे हे उत्तम.

दुसरे अंग पूर्वपीठिकेचे. ‘सदर मिळकत आमचे वडिलोपार्जित मालकीची असून’ किंवा ‘आम्ही अमुक साली अमुक दस्ताने खरेदी केली असून’ असा हा मजकूर असतो. लेखनिक मंडळी हा भाग फार थोडक्यात उरकतात. आमच्या मते येथे चार ओळी अधिक खर्च कराव्यात. मागील दस्ताचा क्रमांक, तारीख व फेरफाराचा क्रमांक येथे लिहिला म्हणजे पुढील पिढीस दप्तर धुंडाळावे लागत नाही. मात्र हा भाग हक्क देणारा नव्हे, हक्काची हकीकत सांगणारा आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे प्रत्यक्ष देण्याचे शब्द स्पष्ट असतील तर पूर्वपीठिकेतील शब्दांनी ते फिरत नाहीत. देण्याचे शब्द संदिग्ध असतील तेव्हाच न्यायालये अर्थ लावण्यासाठी पूर्वपीठिकेकडे वळतात.

तिसरे अंग मिळकतीच्या वर्णनाचे. गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, पोटखराबा, आकार, आणि मग पूर्वेपासून चारी दिशांच्या चतुःसीमा. मिळकत ओळखता येईल इतके वर्णन नसेल तर दस्त नोंदणीस घेऊच नये, अशी १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम २१ ची आज्ञा आहे. परंतु ‘ओळखता येणे’ निराळे आणि ‘तंटा न होणे’ निराळे. क्षेत्राचा आकडा व चतुःसीमा यांत मेळ नसला म्हणजे काय होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कागदात एक हेक्टर लिहिले, आणि चतुःसीमेत सापडणारी जमीन भरली नव्वद आर. तर चतुःसीमा निश्चित व निःसंदिग्ध असल्यास सामान्यतः न्यायालये त्यांनाच मान देतात व आकडा हा अंदाज समजतात. म्हणून ‘पूर्वेस दुसऱ्याची जमीन’ अशी मोघम सीमा लिहू देऊ नये. शेजाऱ्याचा गट नंबर, ओढा, गाडीरस्ता, बांधावरील जुना दगड, असे जे उद्या दाखविता येईल ते लिहावे. जुने कागद एकर-गुंठ्यांत व नवे हेक्टर-आरमध्ये असल्याने आणखी एक घोटाळा होतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे व सुमारे ४०·४७ आर. गुंठा व आर हे जवळजवळ सारखे असले तरी अगदी एक नव्हेत, आणि मोठ्या क्षेत्रात हा किरकोळ वाटणारा फरक गुंठ्यांनी मोजावा लागतो.

याच अंगाच्या शेवटी ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ अशी परंपरेची माळ येते. ती ऐकावयास गोड लागते, आणि तीत सर्व काही आले असे समजून लोक निश्चिंत होतात. जमिनीत रुजलेले व जमिनीस कायमचे जखडलेले जे आहे, ते वेगळा उद्देश लिहिला नसेल तर जमिनीबरोबर जातेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८ मध्ये तसे सांगितले आहे. त्यासाठी ही माळ नसती तरी चालते. पण विहीर शेजारच्या गटात असून तीत आपला चार आणे हिस्सा असेल, तर त्या हिश्श्यास ही माळ पोहोचत नाही. विहीर कोणत्या गटात, हिस्सा किती, पाण्याची पाळी किती दिवसांनी, मोटार व पाइप कोणाचे, आणि विहिरीपर्यंत जाण्याची वाट कोणत्या बांधाने, हे सर्व स्वतंत्र वाक्यांनी लिहावे लागते. आमच्या पाहण्यातील पाण्याच्या भांडणांपैकी पुष्कळशी या एका वाक्याच्या अभावी निघालेली आहेत. निधी-निक्षेप लिहिण्यास लेखनिक विसरत नाही. विहिरीचा हिस्सा विसरतो.

चौथे अंग मोबदल्याचे व पाचवे ताब्याचे. यांस फार वेळ देण्याचे कारण नाही. किंमत अक्षरी व आकडी सारखी आहे ना, आणि रक्कम कशी व कोणत्या तारखेस पावली, हे पाहावे. रक्कम हाती न येता ‘भरून पावलो, तक्रार नाही’ या शब्दांखाली सही करणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष लिहून देणे होय. किंमतीचा काही भाग राहिला असेल तर तो राहिला असेच लिहावे. न फिटलेल्या किंमतीचा बोजा त्या जमिनीवर राहतो, अशी कायद्याची सोय विकणाराच्या बाजूस आहेच.

आता सहावे अंग, म्हणजे शर्तींचे. या लेखाचे खरे प्रयोजन हेच. जमीन निर्वेध आहे, तिजवर कोणाचा बोजा नाही, कोणाची तोशीस लागल्यास निवारण करून देऊ, ही हमी येथे येते. आणि परत देण्या-घेण्याचा काही करार झाला असेल तर तोही येथेच यावयास पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. देवदत्तास मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा. यज्ञदत्त म्हणतो, “गहाण नको, खरेदीखत लिहून दे, पाच वर्षांत पैसे आणून दिलेस तर जमीन परत लिहून देईन.” देवदत्त कबूल होतो. येथपर्यंत दोघांच्या मनात हे कर्जच आहे. आता परत देण्याची ही गोष्ट कोठे लिहिली यावर देवदत्ताची जमीन अवलंबून आहे. ती खरेदीखताच्याच शर्तींत लिहिली, तर तो व्यवहार ‘शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण’ ठरू शकतो. ती त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर, पण दुसऱ्या कागदावर लिहिली, तर तो व्यवहार गहाण ठरूच शकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ च्या खंड (ग) ला १९२९ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडले गेले, व ते १ एप्रिल १९३० पासून अमलात आले. ज्या दस्ताने विक्री झाली त्याच दस्तात शर्त समाविष्ट नसेल, तर असा कोणताही व्यवहार गहाण समजला जाणार नाही, असा त्याचा आशय आहे.

फरक केवळ नावाचा नव्हे. गहाण ठरले तर कर्ज फेडून जमीन सोडविण्याचा हक्क देवदत्तास राहतो, व त्या दाव्यास १९६३ च्या मुदतीच्या अधिनियमाप्रमाणे तीस वर्षांची मुदत आहे. विक्री व निराळा फेरखरेदीचा करार ठरला, तर पाच वर्षांची तारीख ही खरोखरीच तारीख होते. तोवर पैसे घेऊन तो उभा राहिला नाही, तर मागाहून दुष्काळाचे किंवा आजारीपणाचे कारण सांगून उपयोग होत नाही. आणि परत देण्याची गोष्ट नुसत्या तोंडी बोलीवर ठेविली असेल, तर स्थिती याहून कठीण. लेखी दस्तातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः घेता येत नाही, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील नियम, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे.

शर्त एकाच कागदात असली म्हणजे प्रत्येक वेळी गहाणच ठरते असेही मात्र नाही. कागदातील सर्व शब्द व भोवतालची परिस्थिती पाहून पक्षकारांचा हेतू ठरविला जातो. पण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले आहे की, व्यवहार एकाच दस्तात असून त्याच्या अटी या कलमात बसत असतील, तर उलट दाखविणारे स्पष्ट शब्द नसल्यास ते गहाण समजावे. म्हणजे एका कागदाने देवदत्तास बाजू मांडण्यास जागा मिळते. दोन कागदांनी ती जागाच नाहीशी होते. सावकार मंडळी दोन कागदांचा आग्रह का धरितात, हे निराळे सांगावयास नको.

हा प्रश्न आपल्या प्रांतास नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हे, तर त्याच्या खतांवर होता. खते हिसकावून जाळण्यात आली. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात पुढे घातलेल्या कलम १०-अ ने शेतकऱ्याच्या व्यवहारापुरती न्यायालयास कागदाच्या आड जाऊन खरा व्यवहार पाहण्याची मुभा दिली होती. तो कायदा आता राहिलेला नाही. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेल्या जमिनीपुरता महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ चा आधार आहे. त्याप्रमाणे जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. परंतु त्यास मुदतीची मर्यादा असून तो व्यवहार सावकारीतला होता हे दाखवावे लागते. शर्त योग्य जागी लिहून घेणे हे या सर्व खटाटोपाहून स्वस्त आहे.

शर्ती वाचताना दोन कलमे परस्परांविरुद्ध आढळली तर काय, असा प्रश्न एखादा चिकित्सक वाचक विचारील. येथे कायद्याने मोठी गंमत केली आहे. खरेदीखतासारख्या दस्तात आधीच्या कलमाने पूर्ण दिलेली वस्तू मागाहूनच्या कलमाने साफ काढून घेतली असेल, आणि दोहोंचा मेळ घालता येणे अशक्य असेल, तर आधीचे कलम टिकते. मृत्युपत्रात नेमके उलट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे दोन देणग्यांचा मेळ बसत नसेल तर शेवटची टिकते. कारण दस्तात एकदा दिलेले हात बाहेर गेले; मृत्युपत्र करणाऱ्याचे मात्र मरेपर्यंत काहीच हातचे गेलेले नसते, म्हणून त्याची शेवटची इच्छा हीच खरी इच्छा.

सातवे अंग सह्या व साक्षी यांचे. पूर्वी कुणबी नांगराची निशाणी करीत, व ‘निशाणी नांगर’ हे शब्द कागदावर येत. आता सही किंवा अंगठा. पुष्कळांचा असा समज असतो की दोन साक्षींवाचून खरेदीखत पुरे होत नाही. गहाणखत, बक्षीसपत्र व मृत्युपत्र यांस दोन साक्षी कायद्याने अवश्य आहेत. विक्रीच्या दस्तास त्या कायद्याने अवश्य नाहीत. तथापि त्या घ्याव्यात, हे आमचे मत. साक्षीदार हा पुढे कामी येतो. कागदात खाडाखोड, ओळीवरचा मजकूर किंवा कोरी जागा असेल तर तेथे लिहून देणाराची सही किंवा आद्याक्षरे असावीत, नाही तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. कोरी जागा तर कधीच सोडू नये.

शेवटी नोंदणीचे शेरे. दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीस हजर करावयाचा असतो. नोंदणी झाली म्हणजे तो नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर करून दिल्याच्या तारखेपासून अमलात येतो. नोंदणी अधिकारी हा लिहून देणाराने सही कबूल केली हे पाहतो. सौद्यातील लाभहानी पाहणे हे त्याचे काम नव्हे. दस्तानंतर जी ‘सूची क्रमांक दोन’ मिळते तीत पक्षकार, मिळकत, मोबदला व तारखा एवढाच गोषवारा असतो. तेवढे पान हाती ठेवून पूर्ण दस्ताची नक्कल न घेणारे लोक शर्तींचे संपूर्ण अंगच गमावून बसतात.

आता कायद्याकडे वळू. अधिनियमाचीही अशीच अंगे असतात. आरंभी संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ, मग व्याख्या, मग प्रकरणे, प्रकरणांत कलमे, कलमांत पोटकलमे व खंड, आणि शेवटी अनुसूची. व्याख्यांच्या कलमात ‘म्हणजे’ व ‘यात समावेश होतो’ हे दोन शब्दप्रयोग नीट ओळखावेत. पहिल्याने अर्थाला कुंपण पडते, दुसऱ्याने कुंपणाचे फाटक उघडते. जमीन महसूल संहितेत ‘जमीन’ या शब्दात जमिनीपासून मिळणारे लाभ व तिला कायमच्या जोडलेल्या वस्तू यांचा समावेश केला आहे, तो दुसऱ्या रीतीने.

परंतु शेतकऱ्यास नित्य उपयोगी पडते ते एकेका कलमाच्या पोटातील विभागांचे ज्ञान. नमुन्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ घेऊ. त्याचा मुख्य भाग असे सांगतो की, वारसा, वाटणी, खरेदी, गहाण, बक्षीस, पट्टा किंवा अन्य रीतीने ज्यास जमिनीत हक्क मिळाला, त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे तोंडी किंवा लेखी वर्दी द्यावी. येथेच वाचन थांबविले तर खरेदीदारासही धावपळ करावीशी वाटेल. पुढे ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारी परंतुके आहेत. एक सांगते की हक्क मिळविणारा अज्ञान असेल तर वर्दी त्याच्या पालकाने द्यावी. दुसरे सांगते की नोंदलेल्या दस्ताने किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीने हक्क मिळाला असेल तर वर्दीचे बंधन नाही; कारण नोंदलेल्या दस्ताची खबर नोंदणी कार्यालयाने महसुली दप्तराकडे पाठवावी, अशी तजवीज कलम १५४ मध्ये आहे. म्हणजे परंतुकाने मुख्य भागातून एक वर्ग बाहेर काढिला. वारसाने हक्क मिळणाराजवळ नोंदलेला दस्त नसतो, म्हणून तो मुख्य भागातच राहिला. बापामागे मुलांनी तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची ती यामुळेच.

परंतुकांनंतर स्पष्टीकरणे येतात, आणि तेथपर्यंत सहसा कोणी जात नाही. त्यांपैकी एक म्हणते, ताब्याशिवायचे गहाण हाही या कलमापुरता हक्क होय, पण सुविधाधिकार, व गहाण या पदवीस न पोहोचणारा बोजा, हे हक्क नव्हेत. वाटेच्या वहिवाटीची नोंद या कलमाखाली का होत नाही, याचे उत्तर येथे आहे. सहकारी संस्थेच्या कर्जाचा बोजा सातबारावर येतो तो निराळ्या वाटेने, म्हणजे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ अन्वये. दुसरे स्पष्टीकरण याहून मोलाचे आहे: गहाण फिटले किंवा पट्टा संपला, तर ज्याच्या लाभात ते झाले त्यास या कलमाच्या अर्थाने हक्क प्राप्त झाला असे समजावे. कर्ज फेडून आपण आपलीच जमीन मोकळी करितो, नवीन काही मिळवीत नाही, असे शेतकऱ्यास वाटते; कायदा म्हणतो की मिळविलेस, म्हणून वर्दी दे.

हे न केल्यामुळे वीस-वीस वर्षांपूर्वी फिटलेली गहाणे सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या सदरात तशीच उभी असतात, आणि नवे कर्ज काढावयास गेल्यावर, गहाण घेणारा मृत व त्याचे वारस परगावी, अशा वेळी त्यांची आठवण होते. गहाण फिटताच गहाण घेणाराकडून गहाणमुक्तीचा लेख करून नोंदवून घ्यावा, मूळ कागद परत घ्यावा, आणि नोंदणीची खबर जाईल यावर विसंबून न राहता लेखाच्या नकलेसह अर्ज देऊन त्याची पोच ठेवावी. संस्थेचे कर्ज असेल तर बाकी नसल्याचा दाखला घेऊन तसाच अर्ज करावा. पुढे फेरफार धरला गेला, त्यावर हरकतीची नोटीस निघाली, व सक्षम अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला, येथवर पाठपुरावा करावा. फेरफाराची नोंद नुसती धरली जाणे निराळे आणि ती प्रमाणित होणे निराळे, हे कलम १५० ची पोटकलमे क्रमाने वाचल्यास दिसून येईल. सातबारावरील जुनी नोंद कमी होते ती दुसऱ्या गोष्टीनंतर.